झिऱ्याचं पाणी

"ताई, झिऱ्याचं पाणी आमच्या बायांना बाधतंय बगा," असं सुगंधाबाईनं मला फेब्रुवारीतच सांगितलं होतं. मी हसले. म्हणाले, "मावशी, कारखान्याच्या त्या धुवणात प्रयोगशाळेतलं माझं शेवाळ बघा कसं हिरवंगार वाढलंय. शेवाळ जगतं, मग माणसाला काय होणार?"

जालना रस्त्यावरच्या एका खासगी प्रयोगशाळेत मी तपासणीचं काम करायचे. सुगंधाबाई तिथं झाडलोट करायची. तिची मेंढपाळांची वस्ती करमाडच्या अलीकडं, नाल्याकाठी. नाल्याच्या वरच्या अंगाला एक कारखाना आहे. तिथं यंत्रांच्या सुट्या भागांवरचं तेल एका द्रावकानं धुतात आणि धुवण नाल्यात सोडतात. त्या द्रावकानं गोड्या पाण्यातलं शेवाळ मरतं का, हे बघून अहवाल द्यायचं काम माझ्याकडं. चंबूत शेवाळ, त्यात मोजून द्रावक, तोंडाला कापसाचा बोळा, वर ट्यूबलाइट. तिसऱ्या दिवशी शेवाळ हिरवंच. 'अपायकारक नाही' असं लिहून सही करायची आणि पाच वाजता पाळणाघरातून लेकीला आणायला धावायचं, असं तीन वर्षं चाललं होतं.

वस्तीला नळ होता. पण 'बाहेरच्या' बाईनं आणि बाराव्या दिवसापर्यंत बाळंतिणीनं नळाला शिवायचं नाही, हा तिथला नेम. त्यांनी नाल्याच्या वाळूत उकरलेल्या खड्ड्यातलं, झिऱ्याचं पाणी प्यायचं. त्यामुळं भोवळ यायची ती बायांनाच, आणि तीही त्याच दिवसांत. नळाचं पाणी पिणारे पुरुष ठणठणीत. मग काय, सगळ्यांनी ठरवून टाकलं की दोष विटाळाचा. दवाखान्याच्या कागदावर अशक्तपणा आला. माझ्या कागदावर 'अपायकारक नाही' होतंच.

एप्रिलात सुगंधाबाईची सून बानाबाई बाळंत झाली. मुलगी. नवव्या दिवशी सुगंधाबाई कामावर आली ती रडवेली होऊन.

"सून उठून बसंना ताई. बोलाया गेली की जीभ अडखळती. पोर बी आवाज करंना."

"पाणी कुठलं पिते ती?"

"झिऱ्याचंच की. नळाला कशी शिवंल?"

"अहो, तुम्हीच म्हणाला होतात ना, ते पाणी बाधतं!"

"व्हय. मंग तुमीच म्हनलाव ना, काय व्हत न्हाई?"

तिनं पदराआडून घट्ट बुचाची बाटली काढली. झिऱ्याचं पाणी. बूच उघडलं आणि नेलपॉलिशसारखा भपकारा आला. हा वास मला ओळखीचा होता. दर वेळी चाचणी लावली की पहिल्या दिवशी खोलीत तो यायचा, दुसऱ्या दिवशी नसायचा. मी समजायचे, पंख्यानं गेला.

शेवाळाला हवा लागते म्हणून आम्ही कापूस लावायचो, आणि त्याच कापसातून द्रावक उडून जायचा. तिसऱ्या दिवशी उरायचं ते साधं पाणी. त्याला मी तीन वर्षं निर्दोष ठरवत आले. वाहत्या नाल्यातूनही तो उडत असणार. पण वाळूखाली मुरलेला कुठं जाणार? झिऱ्यात.

काचेच्या बुचाच्या बाटल्या काठोकाठ भरून मी चाचणी पुन्हा लावली, तुलनेला एक बाटली नुसत्या पाण्याची ठेवली आणि रिक्षा करून सुगंधाबाईबरोबर वस्तीवर गेले.

बानाबाई गोठ्याच्या पडवीत गोणपाटावर पडली होती. भिंतीला थापलेल्या गोवऱ्या, उशाशी गंजका डबा. बाळाच्या ओठांवर माशी बसली होती आणि बाळ तोंडही हलवत नव्हतं. मला किळस आली.

सुगंधाबाईचा दीर सोनाजी आडवा आला. "म्याडम, बाराव्याच्या आत बाळंतीण हालवायची न्हाई. आन् नळाचं पाणी तर मुळीच न्हाई."

सुगंधाबाईनं सुनेला काखेत धरून नळापाशी आणलं, तिचाच हात तोटीवर ठेवला आणि तोटी फिरवली.

"वैनी! बाटला की नळ! आता गोमूत्रानं धुवावा लागंल."

"धुवा की भावजी, चांगला घासून धुवा. वरून कारखान्याची घान येती ती धुवाया गेलाव का कधी? इथं म्हसरं तोंड लावत्यात, ती बाटवीत न्हाईत व्हय?"

बानाबाई ओंजळीनं पीत राहिली. आम्ही मायलेकींना तसंच दवाखान्यात नेलं.

बानाबाई सावरली. मुलगी तिसऱ्या दिवशी गेली. कशानं, ते डॉक्टर ठामपणे सांगू शकले नाहीत, मलाही सांगता येणार नाही. त्याच दिवशी माझ्या द्रावकाच्या बाटल्यांतलं शेवाळ पांढरं पडलेलं होतं; नुसत्या पाण्याच्या बूचबंद बाटलीतलं हिरवंच होतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख बद्रीनाथ सर म्हणाले, "हे तुमचे घरगुती प्रयोग बाजूला ठेवा. कापूस लावून जे आलं त्यावर सही करा. तीन वर्षं केलीत ना?"

"तीच तर चूक झाली, सर."

सही केली नाही. दोन्ही निकाल, बुचाचा आणि कापसाचा, माझ्या नावानिशी प्रदूषण नियंत्रणाच्या सरकारी कार्यालयात देऊन आले. उद्यापासून कामावर येऊ नका, असा निरोप आला.

त्याच आठवड्यात माझे दिवस आले. हो, शिकलेल्या घरातही आम्ही पाळतो. सासूबाई वरून पाणी ओततात आणि मी त्याला विश्रांती म्हणते. माठाकडं गेले तर साडेतीन वर्षांची लेक आडवी आली. "आई, शिवू नको. आज तू घाण आहेस ना?"

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती मला बघत होती.

मी माठात ओगराळं घातलं. तिच्यासमोर पाणी प्यायले, तिला पाजलं. सासूबाई उठून देवघरात गेल्या, चार दिवस बोलल्या नाहीत. न बोलोत.

तुमच्या घरात, शेजारी, गावाकडं आज कुणीतरी बाजूला बसलेली असेल. बरं आहे का, एवढंच विचारून परत फिरू नका. ती बरं आहे असंच म्हणेल. तिच्यापर्यंत जा, आणि ती कुठलं पाणी पितेय ते स्वतः बघा.