गुरुजींची मिशी

शिवकन्येला ऐकू येत नव्हतं, पण बोललेलं दिसायचं. यावर कुणाला हसायचं तर हसो बापडं! शिल्पाबाई तिला समोर बसवून, ओठ ठळक हलवून शिकवायच्या आणि दुसरीतच पोरगी घडाघडा वाचू लागली होती. मग बाईंची बदली झाली उमरीकडं आणि वर्गावर आले भुजंग गुरुजी. माणूस मनानं वाईट नव्हता. पण मिशी अशी, की दोन्ही ओठ तिच्यातच गडप.

पोरीची पाटी कोरी यायला लागली, तशी तिच्या आईनं, महानंदानं तिला खुणेनं कारण विचारलं. शिवकन्येनं नाकाखाली बोट आडवं धरून दाखवलं. महानंदा पदर सावरत शाळेत गेली.

"गुरुजी, राग मानू नका. मिशी जरा काढता का? पोरीला व्हट दिसंनात."

गुरुजी ताडकन उठले. "बाप जिता हाय माझा! त्यो गेल्यावरच उतरंल मिशी. काय अभद्र बोलून राहिल्या तुम्ही!"

महानंदानं जीभ चावली. ही रीत तिला काय ठाऊक नव्हती? "उतरवू नका, नुसती कातरा," म्हणाली ती, पण ऐकतं कोण! गावभर झालं, महानंदा गुरुजींच्या बापाच्या मरणावर टपलीय.

वर्गातली पोरं शिवकन्येला चिडवू लागली, "ए भैरे, मिशी कापू का?" पोरांना कुठल्या मिशा! शिकवणं दिसायचं नाही आणि टिंगल तेवढी लख्ख दिसायची. दिवाळीनंतर तिनं दप्तर खुंटीला अडकवलं ते अडकवलंच. महानंदानं गोंजारलं, रागं भरलं, एकदा तर फरफटत वेशीपर्यंत नेलं. शेवटी बिचारी हरली.

उन्हाळ्याच्या तोंडाला गुरुजींचे वडील वारले. तेरावं उरकलं आणि गुरुजी महानंदाच्या दारात उभे राहिले. सफाचट तोंड, तिनं आधी ओळखलंच नाही.

"ताई, म्हाताऱ्याला शेवटी सांगितलं म्या समदं. म्हणला, येड्या, लेकरासाठी कातरायची व्हती की रे." त्यांचे डोळे भरून आले.

मग ते शिवकन्येसमोर उकिडवे बसले. सावकाश म्हणाले, "शिवकन्ये, उद्यापासून शाळंत ये."

त्यांचं बोलणं पोरीला पहिल्यांदाच दिसलं. सगळं कळलं तिला. महानंदाचा जीव डोळ्यांत गोळा झाला.

"नाही," शिवकन्या म्हणाली. शिल्पाबाईंनी शिकवला होता तसाच, स्वच्छ शब्द.

गुरुजी पुन्हा काही बोलायला लागले, तशी तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.