बेचाळीस पावले

नोकरीची अडतीस वर्षे काकांनी नगररचना कार्यालयात आरेखक म्हणून काढली. दुसऱ्यांची घरे, दुसऱ्यांचे रस्ते, दुसऱ्यांच्या भांडणातल्या हद्दी त्यांनी केसाइतक्या बारीक रेषेने कागदावर उतरवल्या. पुतण्यांनी त्यांचे नाव फूटपट्टीकाका ठेवले होते आणि काकांना ते मनातून आवडतही असे. मात्र कुठलाही अर्ज भरताना ‘मूळ गाव’ या रकान्यापाशी आले की हा काटेकोर माणूस तिथे एक आडवी रेघ मारून पुढे जाई. वडील होते तोवर त्यांना विचारले, तर ते “होतं एक गाव” एवढेच म्हणत आणि पंखा जोरात लावायला सांगत.

ते गाव रेल्वेच्या मालधक्क्यासाठी उठवले गेले होते. भूमी अभिलेख कार्यालयात जुना नकाशा मिळाला, पण त्यात नेमका वस्तीचा भाग नव्हता. “वाळवी लागली साहेब,” कारकून म्हणाला. “पण हद्द सोडून एक इंचही खाल्लं नाही बघा. शिकलेली वाळवी!” उरली होती ती फक्त विहिरीची खूण. ती विहीर अजून होती. मालधक्क्याच्या जागी आता गोदामे झाली होती आणि त्यांच्या आवारात, लोखंडी जाळीखाली, ती कोरडी पडलेली होती.

आणि माणसांपैकी उरली होती एक आत्या. वय अठ्ठ्याऐंशी, दात दोन, जीभ शाबूत. गाव सुटले तेव्हा ती सात वर्षांची होती.

“विहिरीपासून आमचा उंबरठा बेचाळीस पावलं,” ती म्हणाली. “पाटीवरचे आकडे नंतर आले रे. मी मोजायला शिकले ते बादली वाहता वाहता. मावळतीकडे तोंड करायचं आणि सरळ चालायचं. बेचाळीसला उंबरठा आला नाही असं कधी झालं नाही.”

“नक्की बेचाळीस?”

“तुझा बाप असता तर भांडला असता. तो एक्केचाळीस म्हणायचा, पण तो शेवटचं पाऊल उडी मारून टाकायचा.”

काकांनी तंत्रनिकेतनात शिकल्याप्रमाणे पावलाला पाऊण मीटर धरले. बेचाळीस पावले, साडेएकतीस मीटर. त्या एका ओळीवर त्यांनी अख्खी गल्ली उभी केली. शेजारचा लोहार, वळणावरचा दगडी ओटा, आत्याची मैत्रीण राहत होती ती खोली, सगळे तिने सांगितलेल्या पावलांवरून. वर्षभराने पांढऱ्या जाड कागदावर नकाशा तयार झाला. खालच्या कोपऱ्यात रिवाजाप्रमाणे दोन चौकटी होत्या. ‘आरेखन’ या चौकटीत काकांनी स्वतःची सही केली. ‘तपासणी’ची चौकट आत्यापुढे धरली.

“मी काय तपासणार, कपाळ? मला नकाशातलं ओ की ठो कळत नाही.”

“तुझ्याशिवाय तपासायला आहे कोण?”

तिने जीभ दातांत धरून सही केली. चार अक्षरांना पाच मिनिटे लागली.

पुढच्या आठवड्यात काका तिला गाडीतून तिथे घेऊन गेले. विहिरीपासून फीत धरून निघाले. मध्यावर ट्रकचा वजनकाटा होता. त्याच्या लोखंडी पत्र्यापाशी आत्याची काठी थांबली. ती नुसतीच उभी राहिली, कुणी हाक मारल्यासारखी. तेवढ्यात मागून ट्रकने भोंगा वाजवला आणि काकांनी तिचा दंड धरून तिला पुढे काढले. साडेएकतीस मीटरवर, कुंपणालगतच्या मोकळ्या जागेत, ते म्हणाले, “आत्या, तू तुझ्या उंबरठ्यावर उभी आहेस.”

आत्याने मागे वळून पाहिले. “विहीर फार लांब गेली रे.”

“फितीने मोजलंय, आत्या.”

“मग बरोबर असेल. तू शिकलेला.” तिने डोळे पुसले. काकांच्या कष्टांचे सार्थक झाले. परत आल्यावर त्यांनी नकाशा चौकटीत बसवून तिच्या पलंगासमोर लावला. दुसऱ्याच महिन्यात ती न्हाणीघरात पडली. खुब्याचे हाड मोडले आणि पलंग कायमचा झाला. आता दिवसभर समोर तो नकाशा आणि ती.

चूक सापडली ती पाच महिन्यांनी, शिलाई मशीनपाशी. काकू शाळेचे गणवेश शिवत. एक स्कर्ट उसवत त्या करवादल्या, “नवी बाई ठेवली कामाला, तिने घेर मोठ्या बाईच्या मापाने धरलाय. पहिलीतल्या पोरीचं पाऊल पडतं ते केवढं, दीड वीत, फार तर दोन! त्यात पाय गुंतून पडेल ती.”

वर्तमानपत्र काकांच्या हातात तसेच राहिले. “किती म्हणालीस?”

“दीड वीत. का, तुम्हाला शिवायचाय?”

काका उठून खोलीत गेले. सात वर्षांची मुलगी. हातात भरलेली बादली. त्यांनी सावकाश गणित मांडले, तीनदा तपासले. बेचाळीस पावले, जेमतेम सोळा मीटर. घर कुंपणापाशी नव्हते. घर वजनकाट्याखाली होते, जिथे आत्याची काठी थांबली होती आणि जिथून त्यांनी तिला दंड धरून पुढे ओढले होते.

नवा नकाशा काढायला त्यांना नऊ दिवस लागले. नियम साधा होता. दुरुस्त आरेखनाला तपासणीची नवी सही लागते, त्याशिवाय तो कागद कागदच नव्हे. शिवाय त्यांना तिला एवढेच विचारायचे होते की बादली भरलेली असे की अर्धी.

आत्या उशीला टेकून बसली होती. काकांनी नवा कागद तिच्या मांडीवर पसरला.

“आत्या, विहिरीपासून घर किती लांब होतं?”

“साडेएकतीस मीटर,” ती चटकन म्हणाली.

आत्याने जन्मात कधी मीटर हा शब्द उच्चारला नव्हता.

“मीटर नको. पावलं सांग. बादली घेऊन चालायचीस ना तू?”

“बादली?” तिने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिले आणि तिथे बादली सापडली नाही तशी गोंधळली. “बादली असेल. घर कुंपणापाशी. दारातून कुंपण दिसायचं.”

“तेव्हा कुंपण नव्हतं, आत्या. ते गोदामाचं आहे.”

“मला सांगतोस? जन्म माझा तिथे झाला की तुझा?”

“तू सात वर्षांची होतीस. तुझं पाऊल लहान होतं. माझीच चूक झाली, मी मोठ्या माणसाचं पाऊल धरलं. आठव जरा. वजनकाट्यापाशी तू थांबली होतीस…”

“ट्रक आला म्हणून थांबले.” तिने भिंग डोळ्याला लावून नव्या कागदावर बोट फिरवले. बोट विहिरीवरून निघाले, सोळा मीटरवरच्या घरावरून काहीच न लागल्यासारखे सरकले आणि पुढे कोऱ्या जागेत जाऊन थांबले. “इथे घर कुठाय? तू आमचं घरच पुसलंस!”

जगात विचारायला एकच माणूस होतं, आणि त्या माणसाकडून त्यांनीच, चुकीचा नकाशा रोज डोळ्यांसमोर टांगून, तो पाठ करून घेतला होता.

“एकदा नीट बघ, आत्या,” ते कसेबसे म्हणाले.

“बघितलं. डोळ्यांत तेल घालून बघितलं. त्यासाठीच सही घेतोस ना माझी?” तिने कागद त्यांच्या हातात परत दिला. तपासणीची चौकट कोरीच होती. “चुकलंय. घर होतं तिथे काढून आण. मग करते सही.”

अडतीस वर्षांच्या सवयीने काकांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच राहिला.