खिंडीतलं पाणी

शिट्टी वाजली तशी धाकलीने डोक्यावरचं घमेलं खाली टाकलं आणि ती शेजारच्या बारकीच्या मागोमाग आंब्याच्या आडोशाला पळाली. सुरुंग उडाला. टेकाड हादरलं, आंब्याचा मोहोर दोघींच्या पदरावर सांडला आणि पाड्यातली कोंबडी ओरडत सुटली.

“तुझ्या सुनेच्या बाळंतपणासाठी डोंगर फुटतो गं,” बारकी कानांवरचे हात न काढता म्हणाली. “राजाच्या राणीचा पण असा थाट नसेल.”

“तुझा रस्ता वेगळा आहे का? तू पण ह्याच वाटेने मरायला जाशील.”

“मी चालत जाईन. मला सवय आहे.”

उधवा गावाकडून येणारा डांबरी रस्ता टेकाडापलीकडेच संपायचा. आदल्या पावसाळ्यात धाकलीच्या सुनेला, शितलला, झोळीत घालून चौघांनी टेकाड चढवलं होतं. बाळ वरच जन्मलं आणि रडलं नाही. शितलला पुन्हा दिवस गेले त्याच सुमारास, म्हणजे नोटा बदलल्या त्या हिवाळ्यात, पाड्याचा रस्ता मंजूर झाला. मोजणीवाल्यांनी दोन वाटा दाखवल्या. एक टेकाडाला वळसा घालून जंगलखात्याच्या जागेतून जायची. तिच्या परवानगीला किती दिवस लागतील ते कोणी सांगेना. दुसरी सरळ, टेकाड कापून. म्हातारी माणसं म्हणत होती, वळसा बरा, टेकाडाला हात लावू नये. तेव्हा बायकांतून धाकली उठली होती.

“फोडा,” ती म्हणाली होती. “वळसा पुरा होईस्तोवर पोर पोटात थांबायची नाय.”

त्यावर सरळ वाटच ठरली. तिच्या घरातून काय गेलं होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

धूळ खाली बसली. मजूर खिंडीकडे निघाले आणि सगळ्यांच्या पुढे असलेला हाल्या नावाचा मजूर मध्येच थांबला. नव्याने कापलेल्या खडकाच्या अंगातून पाणी झिरपत होतं. आधी नुसता ओला डाग, मग बोटाएवढी धार, मग बऱ्याच धारा.

सगळ्यांनी एकच कल्ला केला. रस्त्याच्या कामात मुरमाइतकंच पाणी लागतं, आणि ते इतके दिवस टँकरने उधव्याहून येत होतं. टँकर उशिरा आला की रोलर उभा आणि मजुरी अर्धी. साइटवरचा सुपरवायझर प्रविण, डहाणूचा तरुण मुलगा, दर थराचा मुरूम मुठीत दाबून बघायचा. मूठ उघडल्यावर तो भुरभुरला तर म्हणायचा, पाणी कमी. चिखल झाला तर म्हणायचा, जास्त. लाडवासारखा बसला की मगच तो रोलरवाल्याला हात करायचा. आता ते पाणी खिंडीतच होतं.

धाकली घरी धावली. विवळवेढ्याच्या जत्रेत महालक्ष्मीला वाहायचा म्हणून ठेवलेला नारळ तिने आणला, खडकाला कुंकू लावलं आणि पाण्याच्या धारेखालीच नारळ फोडला.

“मागितलं नव्हतं तेही दिलं आईने,” ती प्रविणच्या हातावर खोबरं ठेवत म्हणाली.

प्रविणने खोबरं घेतलं, पण तोंडात टाकलं नाही. तो खडकाच्या भेगेत बोट घालून बघत होता.

“मावशी, तुमची विहीर कुठल्या अंगाला आहे?”

“ती काय, टेकाडाच्या पायथ्याशी. आमची विहीर आटत नाय, साहेब. अख्ख्या तालुक्यात आटल्या तरी आमची नाय.”

त्याने पायथ्याकडे बघितलं, मग पुन्हा भेगेकडे.

त्यानंतर काम भराभर पुढे सरकलं. मुरमाचा थर पडायचा, त्यावर खिंडीतलं पाणी शिंपडलं जायचं आणि रोलर फिरायचा. होळीला पाड्यातली पोरं नव्या खिंडीतून नाचत गेली. शितल दारात बसून रोलरचा आवाज ऐकायची आणि आवाज किती जवळ आला ते सासूला सांगायची.

होळीनंतर बारकीने विहिरीवरून हाक मारली.

“धाकले, दोर आखूड झाला का तुझा हात आखूड झाला? पोहरा पाण्याला लागत नाय.”

दोघींनी दोराला दुसरा दोर बांधला. पुढच्या आठवड्यात आणखी एक. मग पोहऱ्यात गाळ यायला लागला.

त्या दिवशी प्रविण खिंडीच्या कडेने गटार खणून घेत होता. धाकली त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“साहेब, विहीर खाली चालली.”

त्याने खणणाऱ्यांना थांबवलं नाही. धाकलीला घेऊन तो थोडा बाजूला झाला.

“पाणी टेकाडाच्या पोटात साठलेलं असतं, मावशी. विहीर त्यातलंच घेते. आपण पोट कापलं, आणि विहिरीकडे जाणारे झरे तिथेच तुटले. आता ते इथूनच वाहून जातंय.”

“मग बुजवा.”

“आता बुजवून ते मागे वळणार नाही. आणि रस्त्याखाली पाणी मुरलं तर एका पावसात डांबर उखडेल. म्हणून हे गटार काढतोय. ते ओढ्याला नेऊन सोडायचं.”

“रस्त्याला पाणी लागतं म्हणत होतास ना तू?”

साहेब म्हणायचं ती विसरली होती.

“करताना लागतं,” तो म्हणाला. “झाल्यावर नको असतं.”

धाकली गटारातल्या पाण्याकडे बघत राहिली.

“तुला त्या दिवशीच कळलं होतं?”

प्रविणने हातांवरचा मुरूम झटकला. पुन्हा झटकला. “शंका आली होती. वर बोललो मी. ते म्हणाले, काम थांबलं तर मंजुरी जाईल, पुन्हा कधी येईल सांगता येत नाही.” मग तो म्हणाला, “तुम्हाला विचारायला हवं होतं.”

त्याने विचारलं असतं तर आपण काय म्हणालो असतो, हे धाकलीला ठाऊक होतं. तिने घमेलं उचललं आणि ती खडीच्या ढिगाकडे गेली.

काही दिवस बायकांनी गटारातूनच हंडे भरले. मग धारा बारीक झाल्या, आणि वैशाखात खिंडीचा खडक पांढरा पडला. पावसात विहीर भरेल, प्रविणने जाताना सांगितलं, पण दिवाळीपर्यंत टिकेल असं त्याला वाटत नव्हतं.

डांबर मात्र झकास बसलं. पाड्यातल्या बायका आता त्याच्यावरून नदीवर जायच्या. लांब होतं, पण पायाला खडा लागत नव्हता. एक दिवस शितल भरला हंडा डोक्यावर घेऊन येताना धाकलीला दिसली. सातवा महिना होता. धाकलीने तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेतला, घरी आल्यावर मुलाला फोन लावायला सांगितलं आणि विहिणीला बोलावणं धाडलं.

विहीण, संगीता, तलासरीहून जीप घेऊनच आली. तुक्या ड्रायव्हरने गाडी थेट दारापर्यंत आणली. पाड्यात दारापर्यंत आलेली ही पहिली गाडी. पोरांनी तिला गराडा घातला.

“रस्ता एक नंबर झाला, काकी,” तुक्या म्हणाला. “पोटातलं पाणी हललं नाय.”

शितल पुढे बसली. संगीताने तिच्या मांडीवर गाठोडं ठेवलं आणि धाकलीचा हात हातात घेतला.

“आमच्याकडे नळ आहे, काळजी करू नका. बाळंत झाली की सव्वा महिन्याने आणून सोडते. नातवाला आपल्या घरी.”

धाकलीने जीपच्या दारात अडकलेला शितलचा पदर सोडवून आत सारला.

“घाई करू नका,” ती म्हणाली.

“म्हणजे दिवाळीला आणू?”

धाकलीने दार लावलं. नीट लागलं नाही म्हणून पुन्हा उघडून लावलं.

“तिथंच राहू दे तिला. शाळा पण जवळ पडेल पोराला.”

शितल सासूकडे बघत होती. संगीता मागे जाऊन बसली. तुक्याने गाडी चालू केली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“मागे जागा आहे. आणखी कोण येतं का?”

कोणी हललं नाही. मग बारकी आपल्या घरात गेली. पोरं जीपला हात लावत तिथेच घुटमळत होती. बारकी बाहेर आली तेव्हा तिच्या काखेत कपड्यांचं बोचकं होतं, आणि दाराला तिने बाहेरून कडी घातली होती.

“उधव्यापर्यंतच,” ती धाकलीकडे न बघता म्हणाली.

“हो,” धाकली म्हणाली, आणि तिचं बोचकं धरून तिला वर चढवायला पुढे झाली.