शाई काढलेली आहे

जिपारने दातांनी हातमोजा ओढून काढला, कुलपावर दोनदा गरम फुंकर घातली आणि किल्ली फिरवली. तिच्या फोटोच्या दुकानाचं, म्हणजे जुन्या कंटेनरचं, लोखंडी दार कुरकुरत उघडलं. आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता. टेबलावर प्रिंटर जागच्या जागी होता, लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळलेला आणि दोरीने बांधलेला. दोरीला पुठ्ठ्याचा तुकडा लटकत होता. सासऱ्यांच्या ठळक, ताठ अक्षरांत त्यावर लिहिलं होतं : "शाई काढलेली आहे. चालू करू नये."

ती मटकन स्टुलावर बसली.

हिवाळाभर रोज संध्याकाळी ती प्रिंटर नमद्यात गुंडाळायची, घसरगाडीवर ठेवायची आणि तान्ह्या पोराला न्यावं तशी जपून घरी न्यायची. काल मात्र ती नारिन शहरात गेली होती, बहिणीच्या मुलाला पाळण्यात घालायला. दुपारनंतर वाऱ्याने रस्ता बंद झाला आणि तिथेच मुक्काम पडला. तिने फोन करून सांगितलं, "आबा, प्रिंटर गारठू देऊ नका हं."

"एकतीस वर्षं घाटातून ट्रक हाकलाय मी," शरशेन आबा म्हणाले होते. "एक इंजिन तडकू दिलं नाही. तू मला शिकवतेस?"

यापुढे सुनेने काय बोलायचं? एवढ्या माणसाला 'घरी आणा' असं वेगळं सांगावं लागेल, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

रात्री वीज गेली. पारा शून्याखाली चौतीसवर उतरला. सकाळी रस्ता उघडताच ती थेट दुकानावर आली होती. गेल्या हिवाळ्यात तिचा पहिला प्रिंटर असाच गारठून मेला होता. तेव्हा एर्मेक, तिचा नवरा, राजधानीतून, बिश्केकहून म्हणाला होता, "आणखी एक गेला ना, की दुकानाला कुलूप लाव आणि इकडे ये." तो तिकडे टॅक्सी चालवायचा, भाड्याच्या एका खोलीत राहायचा. ती हो म्हणाली होती. बोलायला काय जातं! आता मात्र तो शब्द पाळायची वेळ आली होती. इथे तिचं दुकान होतं, पाटीवर तिचं नाव होतं. अर्ध्या गावाच्या ओळखपत्रांवर तिने काढलेले चेहरे होते.

तिने गाठ सोडली. शाईच्या चारही टाक्या कोरड्या ठणठणीत होत्या. शेजारी कागदांची चळत होती. वरच्या कागदावर रंगांचे पट्टे भडक होते, खाली खाली ते फिके होत गेले होते, शेवटचा कागद पांढरा फटक. वीज जायच्या आधी आबांनी पार कोरडा होईपर्यंत प्रिंटर चालवला होता.

आता तिला उलगडलं. त्यांच्या काळी ट्रकच्या इंजिनात साधं पाणी असायचं. थंडीत ड्रायव्हर संध्याकाळी ते काढून घ्यायचा, सकाळी तापवून परत ओतायचा. मधल्या वेळात कुणी कोरडं इंजिन चालू करू नये म्हणून पाटी लटकवायची.

दार ढकलून आबाच आत आले. कोटाचं पोट फुगलेलं होतं. कोटाच्या आतून त्यांनी जर्दाळूच्या मुरंब्याच्या चार बरण्या काढल्या आणि एकेक करून टेबलावर मांडल्या. आत मुरंबा नव्हता, शाई होती : काळी, निळी, लाल, पिवळी. प्रत्येकीवर चिठ्ठी होती.

"तडकला?"

"नाही, आबा."

"तडकणार कसा? आत थेंब ठेवला नाही मी. मेंढ्यांना टोचायची इंजेक्शनची पिचकारी उकळून घेतली आणि टाक्या उपसल्या."

त्यांचा चेहरा इतका खुलला होता की जिपारला ओठांवर आलेलं गिळावं लागलं. पण एक वाजता शाळेची गाडी नारिनला निघणार होती आणि तिच्याबरोबर छत्तीस मुलांच्या परीक्षेच्या अर्जांचे फोटो जायचे होते. न बोलून भागणार नव्हतं.

"आबा, याच्या नळ्या केसासारख्या असतात. आत हवा शिरली की शाई पुढे सरकत नाही. लोक मग यंत्र फेकून देतात."

आबा वाकले. चष्मा कपाळावरून खाली आला. बराच वेळ ते नळ्या बघत राहिले.

"हवा धरली होय? मग डिझेलच्या पाइपासारखंच की. हवा काढायची."

"आधी ऊब येऊ दे. नाहीतर आत ओल धरेल."

"कळतं गं. गोठलेल्या इंजिनात उकळतं पाणी ओततो तो गाढव."

वीज पहाटेच आली होती. तिने हीटर लावला, नमदा पुन्हा पांघरला आणि दोन तास दोघं बसून राहिली. मध्येच मुख्याध्यापिका सालिमाबाई दारातून डोकावल्या. "झाले का गं फोटो?"

"होतायत, बाई."

"यंत्र अजून झोपलंय," आबा म्हणाले. "कच्च्या झोपेतून उठवलं तर तुमचीच पोरं काळीनिळी होतील."

साडेअकराला तिने टाक्या भरल्या. आबांनी पिचकारीला रबराची नळी जोडली आणि एका हाताने शाई ओढायला लागले. श्वास रोखून, इतकं हळू की त्यांच्या मिशासुद्धा हलत नव्हत्या. नळीतून बुडबुडे सरकले. पहिला कागद कोरा आला. दुसऱ्यावर लाल रेघा उठल्या. निळा रंग काही केल्या येईना. आबांनी त्याला ट्रकला घालायच्या शिव्या घातल्या, मग सुनेकडे बघून खोकले. सातव्या कागदावर निळा उमटला. पहिला फोटो बाहेर आला तेव्हा मेंढपाळाच्या पोराचे गाल अगदी हवे तसे लालबुंद होते. जिपारला रडू येता येता हसू आलं.

सालिमाबाई पाकीट घेऊन गेल्या तेव्हा एकला दहा मिनिटं होती.

"आबा," जिपार म्हणाली, "घरीच का नाही आणलात? घसरगाडी तर दारातच होती."

आबा पिचकारी धूत होते. ती स्वच्छ झाली तरी धूतच राहिले.

"उतारावर बर्फाची काच झालीय. परवा तिथं गुडघ्यावर आपटलो मी. तुला बोललो नाही."

"लागलं?"

"माझं सोड. मी पडलो तर उठतो. हा पडला असता तर?"

"दुसरा घेतला असता."

"घेऊ देतोय एर्मेक! भिंत पातळ आहे आपली. तुमचं फोनवरचं सगळं ऐकू येतं मला."

म्हणजे प्रिंटर घेऊन तो उतार गुडघ्याला झेपणार नव्हता आणि शाईच्या चार बरण्या झेपणार होत्या, एवढाच हिशोब होता म्हाताऱ्याचा. ती मात्र सकाळभर मनातल्या मनात त्यांना अडाणी ठरवत बसली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. एर्मेक होता.

"चौतीस म्हणे तिकडे! गेला ना प्रिंटर?"

"चालतोय."

"नशीब. पण असं किती दिवस? हा बंद पडला की येशील ना?"

आबा खिडकीकडे तोंड करून उभे होते. काच हिमाने पार पांढरी झाली होती, पलीकडचं काही दिसत नव्हतं.

"नाही," जिपार म्हणाली. "हा चालो नाहीतर बंद पडो, मी इथेच आहे. घर इथे आहे, एर्मेक. यायचं तर तू ये."

पलीकडे एर्मेकने टॅक्सी सुरू केली. मग तो म्हणाला, "रात्री बोलू."

"असं तोडून बोलू नये नवऱ्याला," आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांनी पिशवीतून थर्मास काढला, दोन वाट्या मांडल्या. ती उठायला लागली तशी त्यांनी हाताने तिला बसवलं.

सात वर्षांत या घरात चहा ओतला तो तिने. सासऱ्याने सुनेला चहा ओतल्याचं गावात कुणी ऐकलं नसेल. त्यांच्याकडे पाहुण्याने आता निघावं असं वाटलं की वाटी काठोकाठ भरतात. आबांनी तिची वाटी अर्धीच भरली, तिच्यापुढे सरकवली आणि थर्मास उघडाच जवळ ठेवला.