काठावरचा बूट

मी एक जुना काळा बूट आहे, उजव्या पायाचा. डावा शेजारीच बसला आहे, पण त्याला बोलायचा कंटाळा. म्हणून आमची कहाणी मीच सांगतो.

अमेरिकेतल्या आयडाहोत बटाट्याची शेती करणाऱ्या एका बाईने आम्हाला तिच्या एकोणीस वर्षांच्या लेकासाठी घेतले. "दोन वर्षं टिकायला हवेत," असे तिने दुकानदाराला बजावले. त्यात काय अवघड, असे मला तेव्हा वाटले. लेकाचे नाव एल्डर थर्गुड. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची मुले धर्मप्रसाराला निघाली की त्यांना एल्डर, म्हणजे वडीलधारे, म्हणतात, मग धड मिसरूडही फुटलेले नसले तरी चालते. त्याची नेमणूक फिलिपिन्सच्या पनाय बेटावर, एका कोळ्यांच्या गावात झाली.

मित्रांनो, काय चाललो आम्ही! सकाळी साडेसहाला उठून प्रार्थना आणि अभ्यास, मग काळोख पडेपर्यंत पायपीट. जोडीला शेजारच्या सेबू बेटावरचा एल्डर साल्सेडो होता. दोघांनी एकमेकांच्या नजरेआड व्हायचे नाही, असा त्यांचा नियम. एक न्हाव्याकडे गेला की दुसऱ्याने तिथेच बाकावर ताटकळायचे. आम्हा बुटांना त्याचे काही नवल वाटले नाही.

मी चिखल तुडवला, तापलेले डांबर तुडवले, एका कुत्र्याने तर मला चावून पाहिले. गावचे लोक मोठे गोड. पाणी देत, भात खाऊन जा म्हणत आणि पुढच्या खेपेला नेमके घरी नसत. नऊ महिने झाले, तरी थर्गुडने कुणाला बाप्तिस्मा दिला नव्हता. रात्री तो आम्हाला पॉलिश करता करता मध्येच थांबायचा. माझे कातडे कोरडे पडू लागले होते.

एका दुपारी लोला फेलिसिदादच्या दारात माझा तळ सुटला. लोला म्हणजे आजी. ती उंबऱ्यावर बसून जाळे विणत होती.

"टोटो," ती थर्गुडला म्हणाली. तिकडे पोराला लाडाने तसेच म्हणतात. "तुझ्यापेक्षा तुझा बूटच जास्त तोंड उघडतोय की."

तिने मला हिसकावून घेतले आणि जाळ्याच्या दोऱ्याने शिवायला बसली. शिवता शिवता या दोघांचे ऐकून घेतले. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावले. चार महिने ती प्रश्न विचारून थर्गुडला घाम फोडत होती. अखेर एक दिवस म्हणाली, मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे.

थर्गुड आनंदाने उडालाच, पण लोलाची अडचण मोठी होती. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा होडीसकट वादळात गेला, तेव्हापासून ती घोट्याच्या वर पाण्यात उतरली नव्हती. समुद्र दारात असून त्याच्याकडे पाठ करून बसायची. आणि बाप्तिस्म्याला तर सबंध माणूस पाण्याखाली जावा लागतो. नखाएवढा भाग वर राहिला तरी तो बाप्तिस्मा धरत नाहीत, सगळे पहिल्यापासून.

आदल्या दिवशी थर्गुड साल्सेडोला म्हणाला, "हेही फसलं, तर सोमवारी मी घरी पाठवा म्हणून सांगणार. माझ्या हातून काही होत नाही." त्या रात्री आम्हाला साल्सेडोने पॉलिश केले.

शनिवारी चर्चमधल्या हौदाच्या काठावर आम्हा दोघांना काढून ठेवले. थर्गुड अनवाणी, पांढऱ्या कपड्यांत पाण्यात उतरला. मागून लोला, ओठ घट्ट मिटून. दोन साक्षीदार दोन बाजूंना डोळ्यांत तेल घालून उभे. थर्गुडने हात उंचावून प्रार्थना म्हटली आणि तिला अलगद मागे झुकवले.

मी बूट आहे. माझी नजर पायांवर. डाव्या पायाची बोटे वर आलेली सर्वांत आधी मीच पाहिली. साक्षीदारांनी नकारार्थी माना हलवल्या.

दुसऱ्या वेळी उजवी टाच वर आली. लोलाच्या नाकात पाणी गेले. ती खोकत पायरीवर बसली. तिची सून रोसेल टॉवेल घेऊन धावली. सासूला ती नानाय, म्हणजे आई, म्हणायची.

"पुरे झालं, नानाय. या वयात कशाला जिवाशी खेळ? चला घरी."

थर्गुडचा चेहरा पांढराफटक पडला होता. "लोला, नसेल जमत तर राहू दे," तो म्हणाला. "मी जबरदस्ती नाही करणार."

"तू कोण जबरदस्ती करणारा? मला जायचंय खाली. हे पाय तेवढे ऐकत नाहीत." तिने श्वास घेतला. "तुझा पाय माझ्या पायांवर ठेव."

"दुखेल तुम्हाला."

"सहा पोरं जन्माला घातलीत मी. ठेव."

त्याने ठेवला. फोडांनी भरलेला तो पाय, आणि त्यातले निम्मे फोड माझीच देणगी. तिसऱ्यांदा प्रार्थना झाली. लोला मागे गेली, पाणी तिच्यावर मिटले, आणि मी काठावरून डोळे ताणून पाहिले. एक बोटसुद्धा वर नव्हते. साक्षीदार एकदमच "झालं" म्हणाले. लोला वर आली ती खदाखदा हसत. थर्गुड ढसाढसा रडत होता. मित्रांनो, तो दिवस आमचा होता!

सोमवारी, कपडे धुण्याच्या सुट्टीच्या दिवशी, लोलाने दोघांना किनाऱ्यावर नेले. घरी परत जाण्याची गोष्ट थर्गुडने काढलीच नव्हती. वाळूत पोचली तरी लोला थांबली नाही. घोटे बुडाले, गुडघे बुडाले, कंबर बुडाली. तिथे उभी राहून तिने नवऱ्याचे नाव घेऊन समुद्राला एक सणसणीत शिवी हासडली आणि मग डुबकी मारली. वर येऊन म्हणाली, "या की रे!"

साल्सेडो ओशाळून म्हणाला, "आम्हाला समुद्रात उतरायची मनाई आहे, लोला."

"म्हणजे मला बुडवायचं आणि आपण कोरडं राहायचं? बरे आहात," असे म्हणून तिने पुन्हा डुबकी मारली. आता तिच्या पायांवर कुणाचाही पाय नव्हता.

ती दमून बाहेर येईपर्यंत दोघेही हलले नाहीत. ऊन चढले, तरी आम्ही उभे होतो.

दोन वर्षे भरली तेव्हा माझी टाच झिजून तिरकी झाली होती. परतणारी मुले जोडे मागे ठेवून जातात, तसे आम्हीही गावातल्या त्यांच्या याच खोलीत राहिलो. नवी मुले येतात, आमच्याकडे बघून हसतात. हसू देत. एवढेच सांगतो, मित्रांनो. कुणी पाण्याला भिऊन उभे असेल, तर त्याला ढकलू नका आणि कंटाळून निघूनही जाऊ नका. काठावर थांबा. आम्हा बुटांना ते जमते, तर तुम्हाला का जमू नये?