परवाचा कागद

मी एक जुना फोन आहे, मित्रांनो, आणि तोही बिनआकड्यांचा. पहिल्यांदा बघणारा हमखास हसतो. आकडेच नाहीत तर फोन लावायचा कसा? अहो, लावायचाच नाही, नुसता उचलायचा. माझा रिसीव्हर उचलला की गावाबाहेरच्या फौजेच्या ठाण्यात माझा जुळा भाऊ वाजतो. तो उचलला की मी वाजतो. आम्हा दोघांना कारखान्यात एकाच बाईंनी जोडलं. घंटी तपासताना त्या म्हणाल्या होत्या, "ही जोडी चांगली वाजते, वेगळी करू नका." तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

मला बसवलं ते एका बंद पडलेल्या चष्म्याच्या दुकानात. मालक लढाई सुरू होताच गाव सोडून गेला होता. भिंतीवर मोठ्या अक्षरांपासून बारीक होत जाणारा तक्ता तसाच लटकत होता. मदत करणाऱ्या सगळ्या संस्थांनी मिळून तिथे एक कचेरी थाटली. काम एकच. नदीपलीकडच्या दवाखान्यात औषधं, सलाइन, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या न्यायच्या, तर गाडी फौजेच्या चौक्यांवरून जाणार. चौकीवरच्या शिपायाला आधी कळलं पाहिजे की येणारी पांढरी गाडी मदतीची आहे, तिच्यावर बंदूक रोखायची नाही. हे कळवायचं कुणी? तर मी. लहान तोंडी मोठा घास वाटेल, पण माझ्या तारेवर माणसांचे जीव होते.

मला उचलायचा मान एकटीचा होता, ताईंचा. ताई म्हणजे संस्था आणि फौज यांच्यातली बोलणी जुळवणारी बाई. फौजेला वाटे ही संस्थांची, संस्थांना वाटे ही फौजेला फितूर. दोन्हीकडून बोलणी खायची आणि गाड्या मात्र सुखरूप पोचवायच्या, असं त्यांचं काम. फेरीच्या आधी त्या ठाण्यात कागद धाडत. गाडी कुठली, चालक कोण, रस्ता कुठला, वार आणि वेळ काय. मग मला उचलून तेच तोंडी सांगत. तिकडून साहेब, म्हणजे ठाण्यातले अधिकारी, ऐकलेलं जसंच्या तसं वाचून दाखवत. ताई "बरोबर" म्हणाल्या की झालं. त्यांनी पहिल्याच दिवशी साहेबांना बजावलं होतं, "आज, उद्या असलं काही बोलायचं नाही. वार बोलायचा, तारीख बोलायची."

साहेब आधी भलतेच कडक होते. "मॅडम, मुद्द्याचं बोला." पण एकदा त्यांच्या एका शिपायाला साप चावला, ठाण्यात औषध नव्हतं, ते ताईंनी अर्ध्या तासात पोचवलं. तेव्हापासून मॅडमच्या ताई झाल्या. मग लेकीची परीक्षा, गुडघ्याचं दुखणं, ठाण्यातल्या पाणचट चहाची गाऱ्हाणी, सगळं माझ्या तारेवरून जाऊ लागलं. दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते, तरी आवाजावरून तब्येत ओळखत.

आणि मामा. मामा म्हणजे ताईंचे सख्खे मामा, आईचे धाकटे भाऊ. औषधांची पांढरी गाडी तेच चालवत. ताई त्यांना मामा म्हणत म्हणून कचेरी मामा म्हणू लागली, कचेरी म्हणते म्हणून चौक्यांवरचे शिपाईही. गाडी भरेपर्यंत ते तक्त्यासमोर उभे राहून एक डोळा झाकून अक्षरं वाचत आणि शेवटची ओळ चक्क मनाने ठोकून देत. "मला मामा बनवू नका रे," ते गाडी भरणाऱ्यांना म्हणत, "मी आयताच मामा आहे." हा विनोद मी शंभरदा तरी ऐकला असेन. हसायचे मात्र सगळे. निघताना ते माझ्या डोक्यावर टपली मारत आणि म्हणत, "नीट सांग रे बाबा तिकडे."

तीन वर्षं एकही गाडी अडली नाही. बाहेरून मोठे पाहुणे येऊन माझा फोटो काढून गेले. तो फोटो कुठल्याशा पुस्तकात छापला म्हणे. मी फुशारलो, खोटं कशाला बोलू? पण सवय वाईट, मित्रांनो. दोघांचं इतकं जमलं होतं की बोलणं आखूड होत गेलं. तारखेचा नुसता वार झाला, वाराचा उद्या झाला. "नेहमीसारखंच ना?" "हो, नेहमीसारखंच." सगळं वाचून दाखवायला आता कुणाला वेळ होता? आणि ओळखीच्या माणसाला पुन्हा पुन्हा विचारणं बरं दिसत नाही ना.

मग तो मंगळवार आला. रविवारी ताईंनी एक कागद धाडला होता. फेरी बुधवारची, रस्ता बागेवरचा. मंगळवारी सकाळी कळलं की बागेवरच्या रस्त्याचा पूल खचलाय. ताईंनी लगेच दुसरा कागद धाडला. फेरी गुरुवारची, रस्ता नदीकाठचा. घाईत त्यावर 'आधीचा कागद रद्द' एवढं लिहायचं राहिलं. दुपारी मी वाजलो. ताईंसमोर पलीकडच्या दवाखान्याचा माणूस उभा होता. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या आणि जुलाबाने बेजार पोरं जमिनीवर निजवली होती. ताईंचा एक कान त्याच्याकडे, एक माझ्याकडे.

साहेब म्हणाले, "ताई, माझ्यापुढे तुमचे दोन कागद आहेत. कुठला धरू?"

"परवाचा धरा, साहेब."

"परवाचा. बरं."

"हो, परवाचाच."

बघा, मित्रांनो. विचारलं, सांगितलं, वाचून दाखवलं, पुन्हा सांगितलं. कुठे काही चुकलं का? ताईंच्या मनात होता परवा निघायच्या फेरीचा कागद, गुरुवारचा. साहेबांना ऐकू आला परवा आलेला कागद, रविवारचा. आपल्या बोलीत मागचा तोही परवा आणि पुढचा तोही परवाच. साहेबांना वाटलं, पूल सावरला असेल, बेत पुन्हा जुन्यावर आला असेल. तसं आधी दोनदा झालंही होतं.

आणि खरं सांगतो, मला ते कळलं होतं. ताईंनी रिसीव्हर कानावरून काढला, पण अजून खाली ठेवला नव्हता. जेमतेम वीतभर अंतर राहिलं होतं. तेवढ्यात तिकडे साहेब कुणाला तरी म्हणाले, "रविवारचा वर लाव, दुसरा फाडून टाक." मी ऐकलं. त्या खोलीत मी एकट्यानेच ऐकलं. मग ताईंनी रिसीव्हर ठेवला आणि लाइन तुटली. मला आपणहून एकदाही वाजता येत नाही हो. कुणी तरी तिकडून उचलावं लागतं. तो अख्खा दिवस कुणी उचललं नाही.

बुधवारी बागेवरच्या चौकीने गाडीची वाट पाहिली. ती आली नाही. विचारावं म्हणून साहेबांनी फोनवर हात ठेवला होता, हे त्यांनीच पुढे चौकशीत सांगितलं. मग मनात म्हणाले, रद्द झाली असेल, ताईंना कशाला त्रास, त्या कळवतीलच. गुरुवारी सकाळी मामांनी एक डोळा झाकून तक्ता वाचला, मला टपली मारली आणि ते नदीकाठच्या रस्त्याने निघाले. तिथल्या चौकीला सांगितलेलं होतं की आज या रस्त्यावर कुणी येणार नाही. आदल्याच आठवड्यात तिथे स्फोटकं भरलेली एक गाडी येऊन फुटली होती आणि दोन शिपाई गेले होते. समोरून न कळवलेली गाडी आली. पोरसवदा शिपाई घाबरले.

नऊ वाजून दहा मिनिटांनी मी वाजलो.

"ताई," साहेब म्हणाले, "नदीकाठच्या रस्त्यावर एक पांढरी गाडी होती. ती तुमची नाही ना?"

"आमचीच आहे. कागद दिलाय की तुम्हाला."

"तुम्ही परवाचा म्हणालात."

"परवाचाच तर. गुरुवारचा."

 मग ताईंनी अगदी हळू विचारलं, "मामा कसे आहेत?" साहेब मोठे फौजी, पण त्यांना ते एक वाक्य बोलता येईना. ताईंना उत्तर कळलं. त्यांनी रिसीव्हर छातीशी धरला, आणि त्यानंतरचं रडणं मी इतक्या जवळून ऐकलं की माझ्या तारा तेव्हाच का जळाल्या नाहीत असं अजून वाटतं.

चौकशीला तिघे जण आले. त्यांनी मला उलटंपालटं केलं, स्क्रू काढले, आतली वायर ओढून पाहिली. मग मधोमध बसलेला म्हणाला, "यंत्र जुनं आहे. आवाज अस्पष्ट आला असं लिहू या. कुणावर बालंट नको, दोन्हीकडचं काम चालू राहील." मी मनात म्हटलं, लिहा बाबांनो. माझ्यावर ढकलून ताईंचा भार हलका होत असेल तर खुशाल लिहा. पण ताई म्हणाल्या, "फोन चांगला होता. आवाज स्वच्छ आला होता. शब्द माझा होता." साहेबांनीही आपल्या जबानीत हेच लिहून दिलं, 'शब्द माझाही होता' म्हणून. त्या दोन जबान्यांमुळे दोघांच्याही नोकरीला डाग लागला. तरी ते मागे हटले नाहीत.

पण मामांबरोबर सलाइनही पोचलं नव्हतं, हे विसरू नका. पाचव्या दिवशी पलीकडून निरोप आला की शेवटचं खोकं फोडलंय. कचेरीत कुणी ताईंकडे बघेना. ठाण्यात बोलायचं तर माझ्यावरूनच आणि त्याच माणसाशी. ताईंच्या आई, मामांची थोरली बहीण, त्या दिवशी डबा द्यायला आल्या होत्या. त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "उचल गं. तिकडची पोरं कुणाची तरी भाचरंच आहेत."

ताईंनी मला उचललं. दोघांनी एकमेकांची विचारपूस केली नाही. बुधवार, तारीख अठरा, सकाळी सात, नदीकाठचा रस्ता. साहेबांनी एकेक शब्द परत वाचला. मग चालकाचं नाव आलं आणि ताई थांबल्या. नवीन नाव कागदावर समोर होतं, पण तोंडातून निघेना. साहेब म्हणाले, "सावकाश, ताई. मी लाइनवर आहे." भिंतीवरच्या घड्याळाचा काटा चार घरं पुढे सरकला, तोवर ते तसेच थांबले. शेवटी ताईंनी नाव सांगितलं, साहेबांनी वाचलं, ताई "बरोबर" म्हणाल्या. बुधवारी गाडी पोचली. त्या फोनला चाळीस मिनिटं लागली होती. पुढे प्रत्येक फोनला तेवढीच लागत, आणि कुणी घाई करायला आलं तर ताई हात वर करून त्याला गप्प बसवत.

आता लढाई थांबली आहे. दुकानाचा मालक परत आला, मला काढून त्याने जिन्याखालच्या फळीवर टाकलं. माझ्या पोटात कोळ्याने घर केलंय, राहू दे बिचारा. धूळ पुसा, जपून ठेवा, असलं काही मी मागत नाही. एवढंच मागतो की कुणी 'परवा' म्हणालं तर 'कुठला परवा?' असं विचारा. समोरचा वैतागेल. एवढी ओळख असून कळत नाही का, असं म्हणेल. म्हणू दे. ताई आणि साहेब दोघंही हुशार होते, चांगले होते, आणि एकमेकांना अगदी ओळखून होते. म्हणूनच दोघांनीही विचारलं नाही. त्या मंगळवारी दोन वेगळे परवा मी एकट्याने ऐकले आणि मला एक शब्द बोलता आला नाही, मित्रांनो. तुम्हाला बोलता येतं.