कोऱ्या डोळ्यांचा वाघ

शिनोच्या बाबांनी उभ्या आयुष्यात वाघ पाहिला नव्हता. गावात शाईची चित्रं काढणारे ते एकटेच. लग्नघरी सारसांची जोडी, मुलगा झाला की धबधबा चढणारा मासा, आणि लढाईला निघालेल्याच्या घरी वाघ. वाघ कितीही लांब गेला तरी आपल्या गुहेकडे परततो, असं त्या गावात मानत. समोरच्या टोफूवाल्या तोसेकाकूंचं मांजर ओसरीवर बसवून बाबा वाघ काढायचे.

“माझ्याच मांजराला पट्टे ओढता की हो,” काकू म्हणायच्या. “त्याला वाटतं, आपण खरंच वाघ. उंदीर धरायचं सोडलंय मेल्यानं.”

बुबुळं मात्र बाबा काढत नसत. डोळ्यांच्या जागी दोन कोऱ्या फटी सोडून चित्र त्या घरी जायचं. माणूस परतून स्वतःच्या पायांनी उंबऱ्यात उभा राहिला, की बाबा शाईची कांडी आणि ती घासायचा दगड घेऊन जायचे, दोन ठिपके द्यायचे. डोळे मिळाले म्हणजे वाघ पोचला. वाटेत असलेल्याला डोळे देऊ नयेत, तो तिथेच थांबतो, असं बाबांच्याही बाबांनी सांगून ठेवलेलं.

लढाई हरून तीन वर्षं झाली तरी गावात सतरा वाघ आंधळेच होते. त्यातला एक तोसेकाकूंच्या इसाकूचा. बाबा त्याच थंडीत छातीच्या दुखण्यानं गेले आणि कुंचले एकोणीस वर्षांच्या शिनोकडे आले.

एका सकाळी काकू टोफूचे ओले हात तसेच घेऊन धावत आल्या. काखेत चित्राची गुंडाळी.

“रेडिओवर नाव वाचलं गं. ओकुमुरा इसाकू. परवा बोट लागतेय. डोळे काढ.”

“काकू, तो आल्यावर काढू. बाबांचा नियम...”

“नियम करणारा गेला. चार वर्षं मी या आंधळ्याला रोज टोफूचा नैवेद्य दाखवतेय. माझं पोर दारात पाऊल टाकेल तेव्हा वाघानं त्याच्याकडे बघायला नको?”

“दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.”

“मग दोन दिवसांनी काय बिघडतंय? तुझ्या बापाचा हात थरथरायला लागल्यावर शेपट्या तूच काढत होतीस. मला काय ठाऊक नाही?”

शिनोला हसू आलं. इसाकू लहानपणी तिच्या खिडकीतून सुकवलेली पर्सिमॉनची फळं आत टाकायचा, तेही आठवलं. तिनं दगडावर पाणी घेतलं, कांडी घासली. दाट काळी शाई झाली. दोन ठिपके. डावा जरा पसरला.

काकू बंदराला गेल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एकट्या परतल्या.

“नाव तेच होतं,” गुंडाळी घेऊन शिनोच्या उंबऱ्यावर बसत त्या म्हणाल्या. “माणूस दुसरा. उत्तरेकडचा, दात पडलेला. त्याला न्यायला कुणीच आलं नव्हतं. इसाकूसाठी नेलेले भाताचे दोन गोळे त्याला दिले. दोन्ही खाल्ले. हात चाटत होता गं.”



“आता हे पूस,” काकूंनी गुंडाळी पुढे केली. आवाज चढलेला नव्हता.

शिनोनं ओलं फडकं टेकवलं, मग भिजवून पाहिलं, मग नखानं हलकेच खरवडलं. वाळलेली शाई कागदाच्या तंतूतंतूंत गेलेली असते. कागद विरायला लागला, डोळे तसेच राहिले.

“मी नवा काढून देते, काकू.”

“निघताना इसाकूनं याला हात जोडले होते. तुझा नवा त्याला काय ओळखणार?”

शेवटी काकूंनीच उपाय काढला. शिनोनं नखाएवढे दोन पांढरे कागद कापले आणि तांदळाच्या खळीनं डोळ्यांवर चिकटवले. वाघ पुन्हा आंधळा झाला. काकूंनी तो नेऊन जागेवर टांगला.

दरवर्षी जूनच्या ओल्या दिवसांत खळ सुटायची. काकू चित्र घेऊन यायच्या. कागद पालथे पडलेले, वाघ दोघींकडे बघत असलेला. “शहाणा डोळे उघडून बसलाय,” एवढंच म्हणायच्या. कधी दोष दिला नाही. दिला असता तर शिनोला बरं वाटलं असतं. ती मान खाली घालून नवे कागद चिकटवायची. वाघ तिनं पुन्हा काढला नाही. चिमण्या काढायची, बांबू काढायची.

इसाकूचं पत्र आलं नाही, राखेची पेटी आली नाही. अकराव्या वर्षी ऐन थंडीत तोसेकाकू गेल्या.

वाघ त्यांच्याबरोबर शवपेटीत ठेवायचं ठरलं. झाकण लावण्याआधी काकूंच्या पुतण्यानं गुंडाळी उलगडली. “शिनोताई, आता हे कागद काढून टाका ना. काकू तरी पोचल्या.”

शिनोनं बोट लावून पाहिलं. थंडीचे दिवस, हवा कोरडी. कागद घट्ट बसलेले होते. डाव्याचा फक्त एक कोपरा सुटला होता.

“वाघ इसाकूचा आहे. वाटीभर खळ करून आण,” ती म्हणाली.

पुतण्या आत गेला. खळ निवेपर्यंत सगळे थांबले. शिनोनं तो कोपरा नीट चिकटवला, वाळेपर्यंत अंगठ्यानं दाबून धरला, आणि गुंडाळी काकूंच्या हाताखाली ठेवली.